घागरीत वाट

आमच्या घरात गाणं म्हणणारं माणूस एकच होतं, माझी माय, आणि तिला कुणी "म्हण ना" म्हणालं की ती गप्प व्हायची. तिचं गाणं ऐकायचं तर ती भाकरी थापत असताना दाराआड काही न बोलता बसून राहावं लागायचं. पडेगावात दौलताबादच्या रस्त्यापासून जरा आत आमच्या दोन खोल्या होत्या. वर पत्रा, पुढं अंगण, अंगणात लिंबाचं झाड आणि त्याच्याखाली नऊ मेंढरं. वाडवडलांनी सगळं आयुष्य मेंढरांमागं काढलेलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, चिकलठाण्याला एका कंपनीत माल चढवायच्या कामाला लागले तेव्हा त्यांनी कळप विकला, पण ही नऊ काही त्यांच्याच्यानं विकवली नाहीत. सकाळी घरात पहिला आवाज मेंढरांचा, दुसरा अण्णांच्या खोकल्याचा आणि तिसरा परातीत ज्वारीचं पीठ मळल्याचा. मग थापण्याचा ताल धरला जायचा आणि त्या तालावर मायचं गाणं निघायचं. तव्यावर मिरच्या भाजायला टाकल्या की सगळं घर ठसकायचं, मायही शिंकायची, पण शिंक आटोपून ती ओळ जिथं सोडली तिथूनच पुन्हा धरायची. त्यातली एक ओळ अशी होती:

डोईवर घागर गं, घागरीत वाट,
वाटंवर पाऊल कुणाचं गं, कुणाचं?

ही ओळ मी रांगत होतो तेव्हापासून ऐकत आलो होतो, त्यामुळं तिचा अर्थ काय हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. डोक्यावर घागर असते हे दिसत होतं. घागरीत वाट कशी काय असेल, हे विचारायचं मला सुचलंच नाही. पत्रा तापल्यावर कडकड का वाजतो हे तरी आपण कुठं विचारतो?

तो प्रश्न विचारला आमच्या धारूरकर सरांनी. मी तेव्हा शहरातल्या चित्रकलेच्या कॉलेजात शिकत होतो. अण्णांची परवानगी होती, पण एका अटीवर. कंपनीत त्यांच्या साहेबांनी "पोराला आण, लावून घेतो" असं सांगून ठेवलं होतं आणि अण्णांनी मला सांगितलं होतं, "एकदा जरी नापास झालास तर दुसऱ्या दिवशी माझ्यासंगं कंपनीच्या गाडीत बसायचं. मंग रंग नाय अन् बिंग नाय." त्या वर्षी सरांनी शेवटचं मोठं काम दिलं ते असं: घरात ऐकलेल्या एखाद्या गाण्यावरून मनुष्याकृतीचं चित्र करायचं, पुरुषभर उंचीचं. सिनेमातलं गाणं चालणार नाही. ज्याचं हे चित्र पडेल तो त्या वर्षी नापास. मी चाचरत मायची ओळ म्हणून दाखवली. सरांनी डोळे मिटले. बराच वेळ ते उघडेचनात, तेव्हा मला वाटलं त्यांना झोप लागली. मग ते म्हणाले, "अरे, घट म्हणजे देह! वाट म्हणजे जन्ममरणाची फेरी! हे कुणाचं पद आहे?" मी म्हणालो, "सर, मायचं. भाकरी करताना म्हणते." सर म्हणाले, "बघ, लोकांच्या तोंडी केवढं तत्त्वज्ञान आहे. कर, हेच कर."

घरी येऊन मी मायला अर्थ विचारला. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "गाणं हाय ते. गाण्याला कुटं अर्थ असतो? जेव आधी." अण्णा म्हणाले, "घागरीला भोक पडलं असंल. पाणी गळून गळून वाट झाली." शेजारच्या शमीम खाला फॉल-पिकोचं मशीन थांबवून कुंपणावरून म्हणाल्या, "इसमें क्या समझना रे? किसीका आदमी पीछे पीछे आरा होगा. बोल नई सकती बिचारी, गाना बोल दी." आणि स्वतःच लाजून पुन्हा मशीन चालवायला लागल्या.

सगळ्यांत ठाम मत पडलं कडूबा मामाचं. हा मायचा थोरला भाऊ, सिल्लोडकडं त्याची मक्याची शेती. माणूस दारात उभा राहिला की घरात अंधार पडायचा एवढा रुंद. मिशा अशा की लहान पोरं त्या धरून त्याच्या मांडीवर चढायची. त्या दिवसांत तो आमच्याकडं मुक्कामाला होता, कारण शहरातल्या डॉक्टरनं त्याचे उरलेसुरले सगळे दात काढले होते आणि हिरड्या भरल्या की कवळी बसवायची होती. तोवर मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी आणि दिवसभर रिकामपण. दात नसल्यामुळं त्याच्या बोलण्यात निम्मी हवा असायची. वाचणाऱ्याला त्रास नको म्हणून मी त्याचं बोलणं इथं दातांसकट लिहितोय. मामा म्हणाला, "तुमी समदे चुकताय. वाट नाय, वाटी. घागरीत वाटी. पाणी काढाया वाटी लागतीच की." आम्ही सगळे गार पडलो, कारण हे पटण्यासारखं होतं. मी विचारलं, "मग वाटीवर पाऊल कुणाचं?" मामानं मिशीवरून हात फिरवला. "मांजराचं," तो म्हणाला.

अर्थ बाजूला ठेवून मी कामाला लागलो. मांजरपाट आणला, लाकडाच्या चौकटीवर ताणून ठोकला, त्यावर सरसाचा हात दिला. सरसाच्या वासानं मेंढरं तीन दिवस अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिली. आता हवी होती समोर उभी राहणारी बाई. मायला म्हणालो, तर तिनं मला नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती येळ उभं राहायचं?" मी म्हणालो, "रोज दोन घंटे. आठ-दहा दिवस." ती म्हणाली, "अन् तेवढा येळ काम कोण करंल, तुझी चित्रातली बाई?" शमीम खालांना विचारलं, तर त्या नवऱ्याच्या धाकानं हात जोडून म्हणाल्या, "मेरेकू नक्को बाबा. उनो देखे तो बोलेंगे, अब तक सिलाई करती थी, अब खड़े रहने का भी धंदा करती क्या?"

त्यातच आणखी एक घोळ झाला. कंपनीच्या गाडीत अण्णांनी कौतुकानं कुणाला तरी सांगितलं की पोरगा 'फिगर पेंटिंग' करतोय. त्या माणसानं त्यांना त्या शब्दाचा असा काही अर्थ सांगितला की अण्णा घरी आले ते डबासुद्धा खाली न ठेवता माझ्यासमोर उभे राहिले.

"तुमच्या शाळंत उघड्या बाया बसवत्यात म्हणं?"

माय आतून बाहेर आली. मामाही उठून बसला.

"नाही अण्णा," मी म्हणालो. "एक म्हातारा बसवतात. धोतर नेसून. आणि तो झोपतो."

"उघडं कोणीच नसतं?"

"म्हाताऱ्याच्या अंगात बंडी नसते."

अण्णांनी डबा खाली ठेवला. त्यांना हायसं वाटलं हे खरं, पण पुढं तीस वर्षं मी चित्रकला शिकवली, पालकांना हेच उत्तर पुष्कळदा दिलं, आणि बऱ्याच बापांच्या चेहऱ्यावर मला तेच हायसं वाटणं आणि त्याच्याखाली किंचित निराशा दिसत आली.

शेवटी मामाच म्हणाला, "मी उभा राहतो. मला काय काम हाय?" मला वाटलं चेष्टा करतोय. पण तो उठला, मायच्या पेटीतून हिरवं लुगडं काढून आणलं आणि म्हणाला, "नेसव." माय म्हणाली, "दादा, लाज हाय का?" तो म्हणाला, "दात गेले तवाच गेली." माय पदर तोंडात धरून हसत राहिली, पण लुगडं तिनंच नेसवलं. एका लुगड्यात मामा मावेना, निऱ्यांना कापडच उरेना. मिशीचा प्रश्न मी असा सोडवला की बाई पाठमोरीच काढायची. पाठमोरी, चालायला निघालेली, डोक्यावर पितळी घागर. माझ्या कलादृष्टीचं पुढं जे कौतुक झालं त्याचं मूळ एवढंच होतं.

मामा पत्र्याखाली उभा राहिला तर घागर पत्र्याला लागायची, म्हणून आम्ही अंगणात लिंबाखाली आलो. तीन दिवस काम बरं चाललं. मामा खांबासारखा उभा राहायचा. फक्त मधूनमधून एखादं मेंढरू मागून येऊन लुगड्याचा काठ चघळायचं आणि तो मागं न बघता "हाड" म्हणायचा. चौथ्या दिवशी पाठीवर उजेड नीट पडावा म्हणून मी त्याला कुंपणाच्या फाटकाशी, अंगणाकडं तोंड करून उभं केलं आणि स्वतः चित्र घेऊन रस्त्याच्या कडेला बसलो. नेमका त्याच वेळी गल्लीत पाण्याचा टँकर आला.

टँकर दोन-तीन दिवसांनी यायचा. आला की सगळ्या गल्लीतल्या बाया हंडे-घागरी घेऊन धावत. त्या धावल्या, रांग लागली, आणि त्या रांगेच्या बरोबर तोंडाशी, रस्त्याकडं पाठ करून, हिरव्या लुगड्यातली एक धिप्पाड बाई डोक्यावर रिकामी घागर घेऊन अगोदरच उभी. मी मामाला म्हणणार होतो की आत जा, पण खांद्यावरची सावली इतकी छान पडली होती की म्हटलं दोन मिनिटं. मागून एक बाई ओरडली, "ओ बाई, नंबरानं या की!" मामा हलला नाही. मी त्याला सांगून ठेवलं होतं की काही झालं तरी हलायचं नाही. दुसरी म्हणाली, "बहिरी हाय का काय? कुटली म्हणायची ही?" टँकरवाल्याला उशीर होत होता. तो नळी हातात घेऊन पुढं आला आणि मामाच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "मावशे, घागर खाली घे, भरून देतो."

मामानं मान वळवली. "नको," तो म्हणाला, "मी नुसता उभा हाय."

टँकरवाल्यानं आधी मिशा बघितल्या, मग ते दात नसलेलं तोंड, मग लुगडं, आणि त्याच्या हातातून नळी सुटली. ती जाड नळी रस्त्यावर नागासारखी उसळायला लागली. पुढच्या पाच-सहा बाया नखशिखांत भिजल्या. शमीम खालांच्या मशीनवरच्या कुणाच्या तरी लग्नाच्या साड्या भिजल्या. मेंढरं फाटकातून निघाली ती रस्त्यानं छावणीच्या दिशेनं पळाली आणि त्यांच्यामागं दोन्ही हातांनी लुगडं वर धरून मामा पळाला. मी काय केलं? मी चित्र उचलून घरात नेलं. हे मी अभिमानानं सांगत नाही. पण त्या क्षणी मला पाण्याची, मेंढरांची, मामाची, कशाचीच काळजी वाटली नाही. रंग ओले होते.

निम्मं पाणी रस्त्यावर गेलं. मेंढरं तेवढी मामानं हाकत परत आणली. बायांनी फाटकाशी येऊन मायला जे ऐकवलं ते तिनं खाली मान घालून ऐकलं. स्वतःचं भरलेलं पाणीही तिनं एका म्हातारीला देऊन टाकलं. खालांच्या साड्या घरी आणून वाळत घातल्या, इस्त्रीचा डबा कोळसे भरून तापवला, एकेक साडी दाबून दिली. एवढं सगळं झाल्यावर ती माझ्यासमोर आली. "बास," ती म्हणाली. "उद्यापासनं हे घरात नको. काय ते कंपनीचं बघ अण्णासंगं."

मी खाली बसून ब्रश पुसायला लागलो. चित्र तिच्या मागं भिंतीला टेकवलेलं होतं. ते उचलून बाहेर न्यायला ती वळली आणि थांबली. तोवर तिनं ते धड बघितलंच नव्हतं. तिच्या दृष्टीनं तो तिच्या भावाला लुगडं नेसवण्याचा खेळ होता.

"ही घागर अशी का धरलीय?" तिनं विचारलं.

"कशी धरायची?"

"असा कोपर बाहेर काढून? दहा पावलात मान मोडंल." तिनं पदराची चुंबळ केली, कोपऱ्यातली पितळी घागर उचलली, डोक्यावर ठेवली आणि माझ्याकडं पाठ केली. "हे बघ. हात नुसता लागायचा. घागर मानंवर पेलायची, हातावर नाय."

मी हळूच ब्रश उचलला. ती तशीच उभी राहून चित्राकडं तिरप्या नजरेनं बघत होती. काही वेळानं म्हणाली, "पाठमोरी काढलीस व्हय. अशीच चालायची सारजाबाई."

सारजाबाई म्हणजे तिची मोठी जाऊ, अण्णांच्या थोरल्या भावाची बायको. माझ्या जन्माआधीच वारलेली. माय लग्न होऊन आली तेव्हा अगदी लहान होती आणि घर म्हणजे काय तर मेंढरांमागं रानोमाळ चालणं. तिनं सारजाबाईच्या मागं चालायचं, एवढंच तिला सांगितलेलं.

"लई लख्ख घागर तिची," माय म्हणाली. "चिंच अन् राख लावून रोज घासायची. मी मागनं चालायची तर घागरीच्या पोटात समदी वाट दिसायची. झाडं, धूळ, समदं. अन् त्या वाटंवर एक बारकीशी पोरगी. रोज यायची आमच्या मागं मागं. मी वळून बघायची तर कोणीच नाय. मला लई भ्या वाटायचं. चार दिवसांनी मी सारजाबाईला म्हणलं, आक्का, एक पोरगी आपला माग काढत येतीया."

"मग?"

"मंग काय. ती घागर उतरवून बसली अन् पोट धरून हसली. समद्या बाया हसल्या. म्हणल्या, येडे, तूच की ती! अन् तिनं लगीच गाणं केलं. डोईवर घागर, घागरीत वाट. मी दिसले की समद्या म्हणायच्या. मला चिडवायचं गाणं हाय ते."

"इतक्यांदा विचारलं, तर सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तुझी माय येडी होती म्हणून?" असं म्हणताना तिचे खांदे हसण्यानं हलले आणि मी ओरडलो, "हलू नको!" आणि ती हलली नाही. ती दोन घंटे उभी राहिली. दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशीही, सकाळची कामं उरकून, स्वतःहून. त्या तीन दिवसांत घागरीच्या पोटात मी वाट काढली आणि वाटेवर नखाएवढी पोरगी. मान मायची झाली, हात मायचा झाला. खांदे मात्र तसेच राहिले, कारण ते वाळले होते आणि मुदत संपत आली होती.

चित्र बघायला धारूरकर सर आले तेव्हा मी खांद्यांसमोर उभा राहून ते झाकायचा प्रयत्न करत होतो. त्यांनी मला बाजूला सारलं. बराच वेळ बघितलं. "हे खांदे," ते म्हणाले. मी मान खाली घातली. "पिढ्यान्‌पिढ्यांचं ओझं आहे रे या खांद्यांवर. हे कसं सुचलं तुला?" मी म्हणालो, "बघून काढलं, सर." मी पास झालो, आणि वर्षअखेरीच्या प्रदर्शनात चित्र पुढच्या भिंतीवर लागलं.

बघायला सगळे आले. मामा नवी कवळी घालून आला होता. ती बोलताना टकटक वाजायची आणि तो येईल त्या माणसाला सांगत होता, "खांदे माझे हायत." लोक अदबीनं मान डोलवून पुढं सरकत. सरांनी मायला नमस्कार केला आणि तिला तिच्याच गाण्याचा अर्थ समजावून सांगितला. घट म्हणजे देह, वाट म्हणजे संसार, आणि पाऊल त्या परमेश्वराचं. मी घामाघूम. माय डोक्यावरचा पदर सावरून एकेक शब्द मन लावून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "व्हय का? लई चांगलं सांगितलंत." बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी विचारलं, तर म्हणाली, "एवढा चांगला माणूस. त्यास्नी कशाला येड्या पोरीचं सांगायचं?"

अण्णा मात्र एकटेच आत राहिले होते. मी बोलवायला गेलो. ते चित्राच्या अगदी जवळ उभे होते. नाव कुठं लिहिलेलं नव्हतं आणि मायनं त्यांना काही सांगितलं नव्हतं, याची मी नंतर विचारून खात्री करून घेतली.

"ही सारजा वहिनी हाय," ते म्हणाले.

मी हो म्हणालो.

"माझी आई गेली तवा मी दूधपिता होतो. हिनं वाढवलं मला." ते चित्राकडंच बघत होते. हॉलमधली माणसं बाहेर पडत होती, शिपाई खिडक्या लावत होता. "हिला पुढनं काढता येईल का?"

"मी त्यांना बघितलेलं नाही अण्णा. फोटो आहे का कुठं?"

"फोटो कुटला? रानात कोण फोटो काढतंय?"

"मग तुम्ही सांगा कशा दिसायच्या. तुम्ही सांगाल तसं काढतो."

अण्णांनी मान हलवली. कंपनीचं नाव त्यांनी त्या दिवशी काढलं नाही आणि पुढंही कधी काढलं नाही. पडेगावच्या बसमध्ये आम्हाला मागच्या बाकावर ओळीनं जागा मिळाली. मी कॉलेजच्या वहीचं पान उघडून पेन्सिल धरली आणि अण्णा सांगायला लागले. कपाळ मोठं. गोंदण इथं, भुवयांच्या मधोमध. नाक सरळ. "सरळ कुटलं?" माय म्हणाली. "बसकं होतं. मी रोज बघत हुते." अण्णा म्हणाले, "तू पाठ बघत हुतीस." मामा सारजाबाईला उभ्या जन्मात एकदा, मायच्या लग्नात भेटला होता. तो कवळी वाजवत म्हणाला, "नाक आपलं माझ्यासारखं धर." मी नाक खोडून तीनदा काढलं. छावणी मागं गेली, आमचा थांबा आला, कंडक्टरनं दोनदा घंटी मारली, तरी तिघंही उठायला तयार नव्हते, कारण नाक ठरायचं होतं.